जिनसेंग आणि बिनभोकाचं बटण

१

मास्तरांची चूक कधी झालीच नाही. शर्टाची बाही आखूड निघाली, तर कापड आटलेलं असायचं. कॉलर वाकडी बसली, तर शिवणारीचा पाय मशीनवर जड पडलेला असायचा. एकदा कापडाचा अख्खा तागा उलटा बेतला, तेव्हा खिडकीतल्या उजेडाला दोष दिला होता. दीर होते म्हणून आक्कांनी ऐकून घेतलं, आणि कात्री धरायला तसा हात दुसरा मिळाला नसता म्हणूनही ऐकून घेतलं. पण असं ऐकून घेताना आक्कांचे ओठ जसे मिटायचे, ते बघून कारखान्यातल्या बायका मुकाट्याने माना खाली घालून मशीन जोरात दामटायच्या.

कारखाना म्हणजे पहिल्या मजल्यावरची लांबलचक खोली. शाळांचे गणवेश शिवायचे. भिंतीला लागून मशिनी, मधोमध मास्तरांचं कटिंग टेबल. उभ्याने कापायचं टेबल, म्हणून चांगलं उंच. आक्कांच्या नवऱ्याने सुरू केलेला धंदा. नवरा गेल्यावर आक्कांनी चालवला. शिक्षण म्हणाल तर पाटीवरच अडकलेलं, पण कुणी टाका लांब घातला तर पाठमोऱ्या बसूनही त्यांना कळायचा.

तर ते मास्तर एका सकाळी शर्टांचा थर कापता कापता थांबले. "दिवा गेला का?" म्हणाले. दिवा जागेवर होता. मग कात्री हातातून सुटली आणि मास्तर टेबलाला धरून खाली बसले, ते बसलेच.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बीपी मोजलं. वरचा आकडा दोनशेच्या पुढे. उजवा हात बधिर, जीभ थोडी जड. "जीवावरचं टळलं," बाई म्हणाल्या, "हाताचं आत्ताच सांगता येत नाही. यांची बीपीची गोळी बंद होती का?"

सगळ्यांनी थोरल्या सुनेकडे पाहिलं. गोळ्या तिच्या ताब्यात.

"मी रोज देते," थोरली म्हणाली. "कारखान्यात टेबलाशी जाऊन, हातावर ठेवून, पाणी पाजून देते. सगळ्या बायका बघतात."

तेव्हा खाटेवरून मास्तर बोलले. जिभेला जडपणा होता, पण शब्द एकेक करून नीट निघाला.

"ती देत होती ते मी घेत होतो. काय देत होती, ते तिलाच माहीत."

२

घरी पोहोचेपर्यंत त्या एका वाक्याला फांद्या फुटल्या होत्या.

थोरलीचा नवरा, म्हणजे आक्कांचा थोरला मुलगा, आयुष्यात कधी कुठला निर्णय घेऊ शकला नव्हता. पायातले मोजेसुद्धा विचारून घालायचा. त्याने नेमका आज घेतला. "तू थोडे दिवस आईकडे जा," तो बायकोला म्हणाला. "सगळं स्पष्ट होईपर्यंत."

"आणि स्पष्ट कोण करणार? तुम्ही?" थोरलीने विचारलं आणि आत जाऊन पिशवी भरायला घेतली.

समाचाराला आक्कांचे जावई आले होते. लेकीने स्वतः पसंत केलेले. पदवीधर, उन्हाळ्यातही टाय. कारखान्यातल्या बायका त्यांना मागे 'टाय' म्हणायच्या आणि आक्का त्यांना दटावत नसत. नोकरी सोडून ते आता जिनसेंगच्या कॅप्सूल विकत. हे मूळ माणसाच्या आकाराचं असतं, म्हणून माणसाला लागू पडतं, असं त्यांनी पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा आक्का म्हणाल्या होत्या, "बटाटाही कधीकधी तसा निघतो."

पण बायकांना पटलं होतं, कारण जावई आकडे दाखवायचे. मनगटाला बांधायचं बीपीचं यंत्र त्यांनी कारखान्यातच ठेवलं होतं. बाई जिना चढून आली की तिला दाराजवळच्या बाकावर टेकवायचं, हात खाली सोडलेला, लगेच आकडा. मग एक कॅप्सूल. मग मुळाच्या महतीचं भाषण. मग तिला कटिंग टेबलापाशी काजं करायच्या बुटक्या स्टुलावर बसवायचं, हात टेबलावर, पुन्हा आकडा. दर वेळी उतरलेला. बायका थक्क. मास्तर तर या मुळाचे पहिले भक्त. कॅप्सूल घेतल्यापासून जिना न थांबता चढतो, असं सांगत हिंडायचे.

"मी कुणाचं नाव घेत नाही, आई," जावई म्हणाले, "पण मास्तरांचं बीपी मी याच आठवड्यात मोजलंय. एकशे चोवीस. तरण्या पोरासारखं. ते असं अचानक वर जातं, म्हणजे पोटात काहीतरी वेगळं गेलं. चुकीची गोळी असेल. जेवणात मीठ असेल. विज्ञान असं सांगतं की…"

"विज्ञानाला चहा घेऊ दे आधी," आक्का म्हणाल्या. "गार होतोय."

थोरली पिशवी घेऊन बाहेर आली. तिचे डोळे कोरडे होते. आक्कांना ही सून कधी फारशी रुचली नव्हती. उलट बोलायची नाही, पण भांडी अशी ठेवायची की उलट बोलल्यासारखंच ऐकू यायचं. तरी इतक्या वर्षांत तिने एक गोष्ट केली नव्हती. खोटं बोलली नव्हती. आणि आज ती या घरातून गेली असती तर दारातून बाहेर पडली ती विष घालणारी म्हणूनच पडली असती, मग कितीही दिवसांनी परत आणली तरी.

"पिशवी खाली ठेव," आक्का म्हणाल्या.

"यांनीच सांगितलंय."

"त्याने सांगितलंय ना? मग ठेव खाली. उद्या संध्याकाळपर्यंत इथून कुणी कुठे जाणार नाही. त्यानंतर कुणी जायचं ते मी सांगेन."

जावयांनी चहाचा कप अलगद बशीत ठेवला. आक्कांनी ते बघितलं. एरवी हा माणूस कप आपटायचा.

३

आक्कांनी सुरुवात औषधवाल्यापासून केली, कारण तो घराबाहेरचा होता आणि बाहेरच्याचा दोष निघाला असता तर सगळ्यांनाच बरं पडलं असतं.

"माझ्या गोळ्या खोट्या असत्या, आक्का, तर गल्लीतले निम्मे म्हातारे आडवे झाले असते," तो म्हणाला. "आणि पहिल्या तुम्ही."

हे खरं होतं. आक्कांनाही बीपी होतं, आणि त्यांची गोळी तीच. थोरली दोघांसाठी एकच खोका आणायची, एकाच पट्टीतून एक चुलतसासऱ्यांना आणि एक सासूला. चुलीवरचं जेवणही एकच. मास्तर आणि आक्का एकाच भांड्यातलं जेवायचे. गोळी खोटी असती किंवा मीठ वाढलं असतं, तर आक्का धडधाकट कशा? औषधवाला सुटला, मीठही सुटलं. आणि थोरलीने मुद्दाम वेगळी गोळी दिली म्हणावं, तर पट्टी रिकामी होत होती ती दोघांच्या हिशेबाने बरोबर. मग त्या पट्टीतल्या मास्तरांच्या गोळ्या गेल्या कुठे?

तिथून आक्का डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. पदराआडून जिनसेंगची बाटली काढून टेबलावर ठेवली, आणि मनातल्या मनात जावयांना अटकही करून टाकली.

बाईंनी बाटली वाचली. "हे घेत होते? मला कुणी सांगितलं नाही."

"याने चढलं ना?"

"तसं सरळ नाही, आक्का. या मुळावर पुष्कळ अभ्यास झालेत. काहींत बीपी थोडं उतरलं, काहींत थोडं चढलं, बहुतेकांत होतं तिथेच राहिलं. कुणाला धडधडतं, कुणाची झोप उडते. दुसऱ्या औषधांच्या कामात लुडबूड करू शकतं, म्हणून आम्हाला न विचारता घेऊ नये. पण एवढी उडी एकट्या या कॅप्सूलने मारली, असं मी म्हणणार नाही. गोळी पोटात जात नव्हती, असंच मला दिसतंय."

"म्हणजे गोळीचं काम हे मूळ करत नाही?"

"नाही. कुणी तसं सांगत असेल तर खोटं सांगतोय. बसा, आलाच आहात तर तुमचंही बघू." बाईंनी पट्टा बांधला, आक्कांचा हात उशीवर छातीच्या बरोबरीने ठेवला आणि गप्प बसायला सांगितलं. आक्कांना ते सगळ्यात अवघड गेलं. एकशे अडतीस.

बाहेर येताना आक्का उदास होत्या. जावई निर्दोष निघाले, याचं त्यांना मनापासून वाईट वाटत होतं.

औषधवाला नाही, मीठ नाही, मूळही नाही. गोळी हातावर ठेवली जात होती आणि पोटात पोहोचत नव्हती. हात थोरलीचा होता. सगळं फिरून पुन्हा तिच्याच अंगावर आलं.

४

"कशी देत होतीस ते सांग," आक्का म्हणाल्या. कारखान्यात, मास्तरांच्या मोकळ्या टेबलापाशी. "भावजी टेबलाला उभे. तू आलीस. पुढे?"

"पुढे काय? पट्टीतून काढायची, हातावर ठेवायची. ते तोंडात टाकायचे. पाणी प्यायचे. 'गिळली, जा' म्हणायचे. मी जायचे."

"गिळल्याचं तू बघितलंस?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच थोरलीचा आवाज चढला. "पाणी पिताना बघितलं. बोलताना बघितलं. आता काय तोंडात बोट घालून बघू? ते काय माझं लेकरू आहेत?"

आक्कांना ते उत्तर आवडलं, पण त्यांनी दाखवलं नाही.

तेवढ्यात काजंबटणं करणारी बाई पुढे आली. हिला सगळे 'कुरकुर' म्हणत, कारण तिला सुई मिळाली तर भोक बारीक असायचं आणि भोक मोठं असलं तर दोरा जाड. "आक्का, बोलू का? तो बटणवाला आता आपल्याला फसवायला लागलाय. बिनभोकाची बटणं देतो. काल एक, आज दोन. ओवायचं कुठे?"

"आण इकडे."

कुरकुरने तळहातावर आणून ठेवलं. पांढरं, गोल, शाळेच्या शर्टाच्या बटणाएवढं. कडा खरबरीत, जिभेवर ठेवलेल्या साखरेच्या खड्यासारख्या झिजलेल्या. मधून एक बारीक रेघ. आक्का बटणवाल्याच्या सात पिढ्या काढायच्या तयारीत होत्या, तोंड उघडलंही होतं. ते तसंच राहिलं.

ती रेघ त्या रोज सकाळी बघत होत्या. त्यांच्या स्वतःच्या गोळीवर होती.

"हे कुठल्या बरणीत मिळालं?"

"मास्तरांच्या कोपऱ्यावरच्या. शर्टाच्या बटणांची असते ती."

आक्कांनी थोरलीला जवळ बोलावलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "भावजी टाचण्या कुठे धरतात?"

"ओठात. गालात. सगळे शिंपी धरतात तसे." आणि मग थोरलीचा चेहरा बदलला. मास्तर गालात टाचण्या धरून चहा प्यायचे, गिऱ्हाइकाशी बोलायचे, बायकांवर ओरडायचे, आणि टाचणी एकही पडायची नाही. सगळा कारखाना त्याचं कौतुक करायचा. ज्या माणसाला गालात टोकदार टाचण्या धरून बोलता येतं, त्याला एक गुळगुळीत गोळी गालात धरून 'गिळली, जा' म्हणायला काय पडतं?

"म्हणजे काका स्वतःच…"

"गप्प. अजून कुणाला सांगू नकोस." आक्का स्टुलावर टेकल्या. "हे कसं केलं ते कळलं. पण का केलं? तुझे काका थंडीत कानाला कापूस लावून झोपतात. अंगाला वारा लागला तरी मृत्युपत्राच्या गोष्टी करतात. असा माणूस गोळी थुंकून टाकतो, तो मरायला निघालेला नसतो. त्याला कुणीतरी सांगितलेलं असतं की आता गरज नाही."

"पण त्यांचा आकडा खरंच उतरला होता, आई. मी समोर होते. यंत्रावर मीच वाचला. एकशे चोवीस."

गोळी पोटात नाही. मुळाने काही होत नाही. तरी आकडा एकशे चोवीस, आणि त्याच आठवड्यात दोनशेच्या वर. आक्कांनी यंत्राकडे बघितलं. यंत्र टेबलावर ठेवलेलं होतं, आणि ते घ्यायला त्यांना हात वर करावा लागला.

हात वर करावा लागला. आक्का तशाच थांबल्या.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी आक्कांनी जावयांना बोलावणं पाठवलं. सासूबाईंना बरं नाही, म्हणून. जावई टाय बांधून आणि बाटल्यांची पेटी घेऊन हजर झाले. जिथे आजारी माणूस, तिथे त्यांचा पाय आधी पोहोचायचा. बायकांना आक्कांनी मशिनी बंद करून बसायला सांगितलं होतं. थोरली इस्त्रीच्या टेबलाशी उभी होती, पिशवी तिच्या पायाशी.

"जावईबापू, परवापासून छातीत धडधडतंय," आक्का म्हणाल्या. "तुमचं मूळ घ्यावं म्हणते. आधी मोजा बरं."

जावयांचा चेहरा उजळला. इतक्या दिवसांत सासूबाई पहिल्यांदा गळाला लागत होत्या. त्यांनी आक्कांना दाराजवळच्या बाकावर बसवलं, यंत्र बांधलं, हात खाली सोडायला सांगितला. "एकशे बासष्ट. बघा, आई. मी म्हणत होतो ना?" मग कॅप्सूल दिली, पाणी दिलं. आक्का प्यायल्या. मग भाषण झालं. मूळ कुठल्या डोंगरात उगवतं, राजे कसे खायचे. आक्का लक्ष देऊन ऐकत होत्या, आणि ते बघून कुरकुरच्या अंगावर काटा आला.

मग बुटक्या स्टुलावर. टेबल आक्कांच्या कानापर्यंत आलं. हात वर, टेबलावर.

"एकशे चौदा," जावयांनी वाचलं आणि यंत्र सगळ्या बायकांना दाखवलं. "एका कॅप्सूलमध्ये."

आक्कांनी दुसऱ्या हाताची मूठ उघडली. कॅप्सूल मुठीत होती, कोरडी.

जावयांनी टायची गाठ चाचपली. "होतं असं, आई. विश्वासाचाही परिणाम असतो."

"विश्वास माझ्या मुठीत होता, जावईबापू, त्याचा परिणाम मनगटावर कसा झाला? बरं, ते जाऊ दे. आता तुमचं मोजा. तुम्हालाही बीपी आहे, लेक सांगत होती."

"माझं कशाला?"

"बघू तर. मूळ तुम्ही खाताच की."

जावई खुर्चीवर बसले. यंत्र बांधलं. आणि मग सवयीने, कुणी न सांगता, कोपर दुमडून मनगट छातीवर हृदयापाशी आणून स्थिर धरलं, पाठ टेकली, आणि बोलायचं थांबवलं.

"तस्संच बसा," आक्का म्हणाल्या. "बघून घ्या गं सगळ्यांनी. आपला हात आधी खाली लोंबता, मग टेबलावर. यांचा हात छातीवर. काल मी इथे बसून स्वतःवर करून बघितलंय. हात सोडला की आकडा चढतो, डोक्याजवळ नेला की उतरतो, आणि छातीच्या बरोबरीने धरला की डॉक्टरीणबाईंचा येतो. मूळ न खाता. यांना हे माहीत नसतं तर मी यांना नुसतं मूर्ख म्हटलं असतं. पण स्वतःचं मोजताना यांचा हात आपोआप बरोबर जागी गेला."

जावयांनी मनगट झटकन खाली घेतलं. "आई, हा विक्रीचा भाग आहे. लोकांना आकडा दिसला की हुरूप येतो. यात कुणाचं नुकसान…" ते थांबले, कारण नुकसान दवाखान्यात खाटेवर पडलं होतं. "गोळी सोडा, असं मी स्पष्ट म्हटलं नव्हतं. मास्तरांनाच घाई. आमच्या विक्रीच्या सभेत व्यासपीठावर उभं राहून सांगायचं होतं त्यांना, की मी गोळ्या सोडल्या. नाव पुकारलं जाणार होतं. मी म्हटलं, तुमची मर्जी."

"आणि ते गोळी गालात ठेवतात, हे तुम्हाला माहीत होतं?"

जावयांनी पेटीचं झाकण लावायला घेतलं.

"विचारतेय मी."

"त्यांनीच करून दाखवलं एकदा. वहिनी गोळी देऊन गेल्या, आणि त्यांनी बरणीत काढून टाकली." जावई खाली बघत म्हणाले. "हसलो आम्ही दोघं."

इस्त्रीच्या टेबलाशी थोरलीने इस्त्री उभी करून ठेवली. आवाज झाला. नेहमीसारखाच, भांडी ठेवल्यासारखा. पण आज आक्कांना तो बरा वाटला.

"ही कालपासून तुमच्यासमोर पिशवी भरून उभी आहे," आक्का म्हणाल्या. "तुम्ही चहा पीत होतात आणि मिठाच्या गोष्टी सांगत होतात. बाटल्या उचला. यंत्र राहू दे, आम्ही ते छातीवर धरून वापरू. लेकीला सगळं मी सांगते. तुमच्या तोंडून गेलं तर त्यातही आकडा बदलेल."

जावई जिना उतरले. उतरताना पेटीतल्या बाटल्या एकमेकींवर आपटत होत्या, आणि बायकांनी शेवटच्या पायरीपर्यंत ऐकून घेतलं.

६

दवाखान्याच्या वाटेवर थोरला मुलगा मागे मागे चालत होता. एकदा त्याने बायकोची पिशवी घ्यायला हात पुढे केला. तिने दिली नाही.

"राहणार आहेस का?" आक्कांनी तिला विचारलं.

"तिथे काय बोलणं होतं, ते ऐकते आधी," थोरली म्हणाली. "मग ठरवते."

"ठरव."

मास्तर उशीला टेकून बसले होते. डाव्या हाताने चमचा धरून काहीतरी पातळ खायचा प्रयत्न चालला होता आणि निम्मं अंगावर सांडलं होतं. उजवा हात चादरीवर पडला होता, ज्या हाताने इतकी वर्षं रेघेवरून कात्री सरळ नेली तो. आक्कांनी खुर्ची ओढली, बसल्या, पदराने त्यांच्या छातीवरचं सांडलेलं पुसलं. मग बरणीचं सांगितलं. स्टुलाचं सांगितलं. जावई काय बोलले ते सांगितलं.

मास्तरांनी चमचा बाजूला ठेवला. मग म्हणाले, "वहिनी, त्या टायने मला फसवलं."

"हो."

"आकडा दाखवला त्याने. मी काय करणार? शिकलेला माणूस. आणि हिने तरी नीट बघायला नको होतं, मी गिळतोय का नाही?"

थोरला मुलगा काहीतरी बोलायला गेला. आक्कांनी नुसता हात वर केला.

"भावजी, आता मी बोलते आणि तुम्ही ऐका," आक्का म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, तरी शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने कूस बदलली. "फसलात, त्याचं मला काही नाही. तुम्हाला आवडेल असं खोटं कुणीतरी सांगितलं आणि तुम्ही मिटक्या मारत घेतलंत. त्याला मी मूर्खपणा म्हणते. मूर्खपणाला माझ्या घरात जागा आहे, नाहीतर हा माझा मुलगा आत्ता रस्त्यावर असता. व्यासपीठावर चढायचं होतं, तेही समजू शकते. माणसाला म्हातारपणी कुणीतरी टाळ्या वाजवाव्यात असं वाटतं. पण हात लुळा पडला, जीभ जड झाली, आणि अशा जिभेने तुम्ही पहिलं वाक्य जुळवलंत ते या पोरीवर ढकलायचं. तेवढं एक वाक्य मात्र अजिबात अडखळलं नाही. तिला घालवताहेत हे तुमच्या कानावर आलं होतं, काल डॉक्टरीणबाईंकडे आले तेव्हा मीच सांगितलं होतं, या खुर्चीवर बसून. तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. तो टाय लबाड आहे, भावजी, पण त्याचं पोट त्या लबाडीवर चालतं. तुम्हाला यातून काहीच मिळणार नव्हतं. नुसतं 'मी फसलो' म्हणायची लाज वाटली, आणि त्या लाजेसाठी तुम्ही हिचा संसार मोडू दिला असता. याला हलकटपणा म्हणतात, आणि माझ्या सासऱ्यांच्या पोटी तो जन्मला याचं मला नवल वाटतं."

मास्तरांनी थोरलीकडे बघितलं नाही.

"तिकडे बघा," आक्का म्हणाल्या. त्यांनी बघितलं.

थोरलीने पिशवी खांद्यावरून काढली आणि खाटेच्या पायथ्याशी ठेवली. हात मात्र पट्ट्यावरच राहू दिला.

"घरी याल," आक्का म्हणाल्या. "खोली तुमचीच आहे. जेवण वेळेवर मिळेल. हात परत आला तर टेबलही तुमचंच, आणि नाही आला तरी तुम्हाला कुणी उपाशी ठेवणार नाही. पण गोळ्या हिच्याच ताब्यात राहतील, आणि आता ती तुमच्यामागे पाणी घेऊन येणार नाही. तुम्ही तिच्यापुढे जायचं. सकाळी, कारखान्यात, सगळ्या बायका बसल्या असताना. 'सूनबाई, माझी गोळी द्या', असं, 'द्या' म्हणून, मागायचं. गिळायची. मग तोंड उघडून, जीभ वर करून, दोन्ही गाल दाखवायचे. आणि ती 'मिटा' म्हणत नाही, तोवर तोंड मिटायचं नाही."